'राज्यं बदलली, गाव तेच राहिलं': फलकावर ही ओळ असावी का?

खाडीकाठ
ठाणे-बेलापूर पट्टीतल्या आमच्या गावात तळ्याकाठी इतिहासाचा फलक लागतोय. मसुद्याची शेवटची ओळ अशी: 'पोर्तुगीज, मराठे, इंग्रज आले नि गेले, गाव तेच राहिलं.' माझा या ओळीला सपशेल विरोध आहे. खाडीपलीकडची साष्टी, म्हणजे ठाणं ज्यावर आहे ते बेट, बघा. १५३४ च्या वसईच्या तहाने ती पोर्तुगीजांकडे गेली आणि गावंच्या गावं त्यांच्या सरदारांना नि पाद्र्यांच्या संघांना तोडून दिली गेली. १७३७ ला मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. कसणारा तोच, पण त्याच्या डोक्यावरचा मालक दरवेळी नवा. मग गाव तेच कसं?

उघाडीवाला
दादा, सारा कुणी घेतला ते नंतर, शेत कशावर पिकलं ते आधी लिहा. आपली खार जमीन, खाडीचं पाणी अडवून काढलेली, बांधाच्या जिवावर. भरती आली की उघाडीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराचं, झडप पाण्याच्या दाबाने आपसूक बंद, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर. उधाणात बांधाला खांड पडली की रात्र असो, पाऊस असो, अख्खं गाव चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत उभं राहायचं. कारण खारं पाणी एकदा भातात शिरलं की पुढच्या पावसांनी जमीन धुऊन निघेपर्यंत पीक नाही. अलिबागच्या खारेपाटात या सामाईक कामाला जोळ म्हणतात. हे कुठल्या गव्हर्नराने शिकवलं? ओळ राहू द्या.

कळव्याची लेक
बांधाचं पटलं, पण ओळ नाही पटली. १८७८ चा आबकारी कायदा आला नि दारातल्या माडाची ताडी सरकारच्या परवान्यावर गेली. १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावरसुद्धा बंधन आलं. मिठागरात पाय खारवून राबायचं आणि घरच्या मिठावर कर भरायचा. कर आधीही होतेच. पण चुलीपर्यंत सरकार पोचलं ते इंग्रजांच्याच काळात.

उघाडीवाला
ताई, मान्य. पण २५ सप्टेंबर १९३० ला उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळ्या झेलल्या त्या खेड्यातल्याच माणसांनी ना? गाव आतून तेच नसतं तर एवढी माणसं एका हाकेला जमली असती?

बेलापूरपट्टी
एक दुरुस्ती. साष्टी १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांकडे कायम झाली. आपण खाडीच्या अलीकडचे, उत्तर कोकण पेशव्यांनी त्यांना सोडलं ते १८१७ च्या पुणे तहात. म्हणजे ठाण्यात कंपनी सरकार असताना समोरच्या काठावर पेशवाई होती. साष्टीची सालं आपल्या फलकावर चिकटवू नका.

खाडीकाठ
बरोबर, सालं वेगळी काढतो. पण उघाडीवाले दादा, ज्या बांधाच्या जोरावर तुम्ही बोलताय तो आता दाखवा. १९७० ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या, खारीवर भराव पडला. जानेवारी १९८४ मध्ये याच जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणला लोक रस्त्यावर उतरले आणि पाच जण गोळीबारात गेले. त्यांच्या गावात काही बदललं नव्हतं, असं आपण दगडावर कोरणार?

उघाडीवाला
नाही कोरणार. ओळ काढा. पण बांधाची हकिकत राजांच्या यादीच्या वर हवी, उघाडीच्या चित्रासकट. चित्र मी काढून देतो.