व्यसन प्रतिबंधाच्या कामात नवख्याला एकट्याने सत्र घ्यायला कधी पाठवावं?

कडुनिंब
बऱ्याच ठिकाणी एकच पद्धत दिसते. नवीन कार्यकर्ता रुजू झाला की दोन दिवसांचं प्रशिक्षण, हातात फाईल, आणि लगेच वर्गावर. मला हे अजिबात पटत नाही. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग (समोरच्याची बदलायची इच्छा त्याच्याच बोलण्यातून जागी करणारी संवादाची रीत) ही पद्धत मांडणारे विल्यम मिलर यांनीच सहकाऱ्यांसोबत २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. नुसती कार्यशाळा करून गेलेल्यांचं कौशल्य तुलनेने कमी वाढलं. ज्यांच्या संभाषणाच्या टेप ऐकून अभिप्राय दिला किंवा ज्यांना फोनवर मार्गदर्शन मिळालं, त्यांचं जास्त वाढलं. म्हणून आधी अनुभवी सहकाऱ्याची सत्रं बघायची, मग जोडीने घ्यायची, एकट्याने घ्यायची ती त्यानंतर. आणि सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी माणसाने कामाबद्दल नियमित बसून बोलणं, पुढेही चालूच ठेवायचं.

रानवाट
असहमत. अनुदान वर्षाचं असतं, सत्रांचा आकडा ठरलेला असतो, माणसं मोजकीच. एका वर्गावर दोघं अडकली तर उरलेल्या वर्गांवर कोण जाणार? शिवाय मुलांसमोर उभं राहिल्याशिवाय हे काम येत नाही. मागच्या बाकावर बसवून ठेवलेला माणूस आणखीच बिचकतो. आणि जो स्वतः व्यसनातून बाहेर पडलाय, त्याला तुम्ही काय शिकवणार? त्याने आपली कहाणी सांगितली तरी वर्ग चिडीचूप होतो.

कडुनिंब
वर्ग चिडीचूप झाला म्हणजे परिणाम झाला असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये प्रतिबंधाची आंतरराष्ट्रीय मानकं काढली. जागतिक आरोग्य संघटनेसोबतची सुधारित आवृत्ती २०१८ ची. शाळांमध्ये ज्या गोष्टींचा उपयोग दिसत नाही किंवा उलटाच परिणाम होतो, त्यांत नुसतं व्याख्यान, भीती घालणं आणि माजी व्यसनींची कथनं आहेत. नवखा माणूस नेमका तिकडेच वळतो, कारण ते सोपं वाटतं. बरे झालेले सहकारी मला हवेच आहेत, पण त्यांनाही सत्र घेण्याचं वेगळं शिक्षण लागतं.

शिवाय सत्रानंतरची पाच मिनिटं. वर्ग रिकामा होतो, एक मुलगी दप्तर भरत रेंगाळते. "सर, कुणाला सांगणार नाही ना?" नवखा भाबडेपणाने म्हणतो, "नाही, शब्द देतो." मग ती सांगते, बाबा पिऊन आले की आम्हाला मारतात. आता शब्द पाळला तर पोर धोक्यात, मोडला तर ती पुन्हा कुणाजवळ बोलणार नाही. "तुला धोका असेल तर तुला मदत करू शकणाऱ्या माणसाला मला सांगावं लागेल, पण आधी तुला सांगेन," हे वाक्य तोंडात बसेपर्यंत घोटून घ्यावं लागतं.

उंबरठा
तुमच्या दोघांच्याही बोलण्यात खरी अडचण निसटतेय. सुपरव्हिजन करणारा आणि वर्षअखेरीस मूल्यमापनावर सही करणारा एकच असेल, तर खालची माणसं त्याला फक्त चांगलंच सांगतात. मुलीला काय बोललो हे तो नवखा कशाला सांगेल? त्यातून स्वतः बरा होत असलेला सहकारी असेल, तर दिवसभर तेच ऐकून तलफ जागी झाली हे साहेबाला सांगायची कुणाची छाती होईल? ही दोन कामं दोन माणसांकडे हवीत. संस्था लहान असेल तर दुसऱ्या संस्थेतला अनुभवी माणूस महिन्यातून एकदा तरी बोलवा.

रानवाट
गुपिताचा मुद्दा मान्य, त्याचा सराव पहिल्या दिवशीच हवा. माजी व्यसनींच्या कहाण्यांवरही मी फेरविचार करीन. पण बाहेरच्या माणसाला काय सांगायचं आणि मुलांची गोपनीयता कशी राखायची, हे उंबरठा यांनी सांगितलं नाही. आणि जोडीने सत्रं घेण्याबद्दल माझं मत फारसं बदललेलं नाही: पहिली दोन-तीन घ्या, पुढे आठवड्याला तासभर बसून बोला. त्याहून जास्त परवडत नाही.

कडुनिंब
नावगाव न सांगता प्रसंग मांडता येतो, ते अवघड नाही. पण तो आठवड्याचा तास पक्का ठेवणार असाल तरच दोन-तीन सत्रांवर मी तयार आहे. कामाचा ताण आला की सगळ्यात आधी तोच तास रद्द होतो. तो प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच दाखवा, म्हणजे अनुदान देणाऱ्यालाही त्याचे पैसे द्यावे लागतील.