सी अँड ओ कॅनॉल टोपाथ

गाड्यांचा त्रास नसलेला, कच्चा पण सायकलला चालेल असा लांब रस्ता कुठे आहे असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं: वॉशिंग्टन डीसीच्या जवळपास असाल तर सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) कॅनॉलचा टोपाथ, म्हणजे कालव्याकाठची बोटी ओढायची जुनी वाट, नक्की करा. वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाऊनपासून मेरीलँडमधल्या कंबरलँडपर्यंत 184.5 मैल, म्हणजे जवळजवळ 297 किमी, एका बाजूला जुना कालवा, दुसरीकडे पोटोमॅक नदी आणि डोक्यावर झाडंच झाडं. याच वाटेवरून खेचरं बोटी ओढत न्यायची, 1924 पर्यंत कालवा चालू होता, 74 लॉक (बोटी वर-खाली नेणारे दरवाजांचे पाण्याचे टप्पे) आहेत, त्यांतल्या काहींच्या शेजारी लॉक सांभाळणाऱ्यांची दगडी घरं अजून दिसतात.

मला सगळ्यात आवडला तो याच वाटेवरचा पॉ पॉ बोगदा! 3118 फूट लांब, बांधायला 14 वर्षं लागली, आत मिट्ट काळोख, टॉर्च हवाच आणि सायकल हातात धरून चालत जायचं, भिंतीवरून हात फिरवला की ओल्या विटा लागतात.

1950 च्या दशकात इथे मोटाररस्ता करायचं घाटत होतं, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस त्याला विरोध म्हणून 1954 मध्ये अख्खा मार्ग चालले, म्हणून हे वाचलं. मला त्या माणसाबद्दल खरंच कृतज्ञता वाटते.

टायर 38-40 एमएमचे घ्या, पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस थांबा कारण चिखल फार होतो. वाटेत हार्पर्स फेरी गावात जायला पूल ओलांडताना जिन्यावरून सायकल उचलावी लागू शकते, तेव्हा सामान कमीच ठेवा.