तिसऱ्या महिन्यातला ताप आणि ऑटिझम: मदत हवी आहे

साबुदाणावडा: परवा लेकाला ऑटिझम आहे असं सांगितलं. मला गरोदरपणात तिसऱ्या महिन्यात ताप आलेला, अंगावर पुरळही. त्यामुळेच झालं का? सासूबाई एकच धरून बसल्यात, "नको म्हटलं तरी लग्नाला गेलीस." आता टॉर्च टेस्ट (गरोदरपणात बाळाला बाधणाऱ्या संसर्गांची रक्ततपासणी) केली तर कळेल का? गूगल करा म्हणू नका, करून झालंय.

दाणेकूट: लेक केवढा? तेव्हा रक्त तपासलं होतं?

साबुदाणावडा: अडीच वर्षांचा. नाही तपासलं. पॅरासिटामॉल घेतली, चार दिवसांत गेलं.

मोकळा_वारा: मोबाईल बंद करा. आमचा पुतण्या सहा महिन्यांत बोलायला लागला.

दाणेकूट: त्याला ऑटिझम होता की नुसताच उशिरा बोलला?

जुनी_पाटी: संबंध आहे. १९६४ च्या रुबेलाच्या (जर्मन गोवराच्या) साथीनंतर न्यूयॉर्कमध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ स्टेला चेस यांनी जन्मजात रुबेलाची, म्हणजे आईच्या पोटातच लागण झालेली २४३ मुलं तपासली. त्यांच्यात ऑटिझम खूपच जास्त निघाला.

किल्लेदार: म्हणून तर एमएमआर लस देऊ नका म्हणतो.

जुनी_पाटी: अहो, त्यातला 'आर' रुबेलाचाच, ती लस रुबेला टाळायलाच असते! आणि या लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा वेकफिल्डचा १९९८ चा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. झोपा आता.

निळी_शाई: पाटी, उगाच घाबरवू नका तिला. प्रत्येक पुरळ रुबेला नसतं. आईचा गरोदरपणातला संसर्ग आणि ऑटिझम यावरच्या २०२२ च्या स्वीडनच्या अभ्यासात तर गरोदरपणाच्या आदल्या वर्षी संसर्ग झालेल्या आयांच्या मुलांतही तेवढाच संबंध दिसला, आणि भावंडांची तुलना केल्यावर तो उरलाच नाही. साबुदाणावडा, टॉर्चवर पैसे घालवू नकोस. आयजीजी अँटिबॉडी पॉझिटिव्ह आल्या तरी संसर्ग कधीतरी झाला होता (किंवा लस घेतली होती) एवढंच कळेल, कधी ते नाही. त्याच्या कानांची बेरा (आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजून ऐकू येतं का ते पाहणारी तपासणी) केलीस का? गरोदरपणातल्या रुबेला किंवा सीएमव्ही विषाणूच्या संसर्गाने बाळाला ऐकू कमी येऊ शकतं.

आजोळ: केंद्र सरकारच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवा.

साबुदाणावडा: विम्याचं विचारलंच नाहीये मी! बेरा कोणी सांगितलीच नाही. हाक मारली तर बघत नाही, पण कुकरची शिट्टी झाली की कान झाकतो.

निळी_शाई: तरी कर. शिट्टी ऐकू येते म्हणजे बोलणं नीट ऐकू येतं असं नाही. स्पीच थेरपीला मात्र रिपोर्टसाठी थांबू नकोस.

किल्लेदार: हे सगळं औषध कंपन्यांचं...

साबुदाणावडा: मंगळवारची वेळ मिळाली. झोपवून करतात म्हणे. हा दुपारी झोपतच नाही, काय करू?

दाणेकूट: आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवा, सकाळी लवकर उठवा, गाडीत डुलकी लागू देऊ नका. आमची लागली आणि पुन्हा यावं लागलं.