शेततळ्यात मासे सोडावेत का? बजेट ४० हजार

सांगोलाकर_आप्पा: ३० बाय ३०, ३ मीटर खोल, प्लास्टिक कागदाचं तळं. तेल्या रोगानं डाळिंबाचे दोन बहार गेले. पाणी मार्चपर्यंत टिकतं. मासे सोडले तर घरखर्चाला हातभार लागेल का? कुठली जात, किती नग? बजेट ४० हजार, वर रुपया नाही. वडील माळकरी आहेत, ते मी बघतो.

टाकीवाला: तळं सोडा, बायोफ्लॉक करा, म्हणजे टाकीत सतत हवा सोडून दाटीनं मासे वाढवायचे. मी सहा टाक्या टाकल्या, साडेचार लाखात.

भीमाकाठ: @टाकीवाला त्याचं बजेट वाचलं का?
आप्पा, रोहू, कटला, मृगळ सोडा. बोटुकलीच (बोटाएवढी पिल्लं) घ्या, जिरे (जिऱ्याएवढी, नुकती जन्मलेली) नको. जिरे स्वस्त पडतं, पण पाणकिडे आणि बेडूकच त्यावर पोसतात. मी केलंय.

वैनगंगेचा_ढिवर: आमच्याकडं मालगुजारी तलावात, म्हणजे गावच्या जुन्या मातीच्या तलावात, खाद्य विकत आणायची वेळ फारशी येत नाही, चिखलातच मिळतं. तुमच्या कागदावर काय उगवणार? आधी शेण कालवून टाका, पाणी हिरवट झालं की मगच माशांचं बी. एकरी चार हजार बोटुकली धरतात. तुमचं तळं ९ गुंठ्यांचं, म्हणजे ९०० च्या वर जाऊ नका.

पाटलाचा_मळा: पंगस टाका. वर येऊन हवा घेतो, कमी ऑक्सिजनला दाद देत नाही.

भीमाकाठ: थंडीत खाणं सोडतो तो. आणि चव? उजनीची चिलापी खाल्लेल्या माणसाला पंगस वाढू नये.

पाटलाचा_मळा: चिलापीला काटे किती! चव म्हणे.

टाकीवाला: पंगसच होता माझा. रात्री वीज गेली, इन्व्हर्टर बसला. पहाटे झाकण काढलं तर सहाही टाक्या पांढऱ्या, पोटं वर. विकणाऱ्या कंपनीनं फोन उचलला नाही. तरी पुन्हा करणार आहे.

मंगळवेढ्याची_सून: पहाटेच लक्ष ठेवा. मासे वर येऊन तोंड उघडबंद करायला लागले की लगेच मोटर लावून त्याच तळ्याचं पाणी वरून फवारायचं. ढगाळ दिवशी खाद्य बंद. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मानिम्मा, घमेल्यात भिजवून. आणि चारही बाजूंनी गाठी मारलेला नायलॉनचा दोर सोडा. आमचं कुत्रं पडलं होतं, कागदावरून वर येता येईना. माणसाचंही तेच होतं.

भीमाकाठ: बोटुकलीच घ्या, हे मी आधीच सांगितलंय.

अनुदान_अभ्यासक: मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिलांना ६० टक्के. आईच्या नावानं अर्ज करा.

मंगळवेढ्याची_सून: आधी खर्च आपल्या खिशातून, पैसे मागून येतात. ४० हजारवाल्यानं त्यावर विसंबू नये. शिवाय सातबारा बघा कुणाच्या नावावर आहे.

सांगोलाकर_आप्पा: सातबारा वडिलांच्या नावावर. ते म्हणाले, "पाणी बागेचं, त्यात जीव मारायचे नाहीत." आई म्हणाली, "बाग पडली तेव्हा घर विठ्ठलानं चालवलं का?" दोघं दोन दिवस बोलत नव्हते. शेवटी, मासे काढायला भिगवणचा व्यापारी येणार, आपण हात लावायचा नाही, यावर मिटलं.
१२०० नग सायप्रिनस (कॉमन कार्प) घेतले.

वैनगंगेचा_ढिवर: ९०० सांगितले होते. आणि नुसता सायप्रिनस? तो तळ उकरणारा मासा, तुमच्या तळाला कागद!

सांगोलाकर_आप्पा: बीजवाल्याकडं तेवढंच होतं. टेम्पो दोन तासांवर आहे. पिशव्या थेट फोडायच्या का?

मंगळवेढ्याची_सून: नाही! बंद पिशवी वीस मिनिटं तळ्यात तरंगत ठेवा. मग तोंड सोडून तळ्याचं पाणी थोडंथोडं आत घ्या. पोरं आपापली बाहेर येतात.