मशीनआधी हात

दादा, तुम्ही विचारलंय की गावात वर्गणी काढून, हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायचं मशीन घ्यावं का. मी अंबाजोगाई-लातूर रस्त्यावर अँब्युलन्समध्ये काम केलंय, म्हणून कळकळीनं सांगतो.

धावत्या गाडीत मशीनला तोड नाही. गतिरोधक आला की आपले कोपर वाकतात, दाब पाच सेंटीमीटरपर्यंत पोचतच नाही. मिनिटाला १०० ते १२० दाब देताना दोन मिनिटांत धडधाकट माणूसही थकतो. मशीन थकत नाही.

पण मशीन लावलं म्हणून जास्त माणसं वाचतात, असं मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही. ब्रिटनमधल्या २०१५ च्या 'पॅरामेडिक' चाचणीत ४,४७१ रुग्ण होते. तीस दिवसांनी मशीनच्या गटात ६ टक्के जिवंत होते, हातानं दाबलेल्यांत ७ टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणा.

खरी गोम लावण्यात आहे. पाठीखाली पट्टी सरकवायला माणूस उचलावा लागतो आणि तेवढा वेळ दाबणं थांबतं. एकदा आमचे तीसेक सेकंद त्यातच गेले. वर ते यंत्र पोटाकडे सरकलेलं, घामानं. तेव्हापासून मी छातीवर पेनानं खूण करायचो, आधी पट्टी, मग थोडा वेळ हातानं छाती दाबून मशीनचा वरचा भाग, असं दोन टप्प्यांत बसवायचो.

गावासाठी म्हणाल तर त्या पैशात एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र घ्या आणि वीसेक पोरांना सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यावर हातानं छाती दाबणं शिकवा. १०८ ची गाडी येईपर्यंत तेच हात कामाला येतील.