कुत्र्याला शांत राहायला कसं शिकवलंत? तुमचे अनुभव सांगा

गोडोलीकर
काल संध्याकाळी साताऱ्यातल्या चार भिंती स्मारकाकडे फिरायला गेले होते. एक मुलगा आणि त्याचा लॅब्राडॉर. कुत्रं पुढे ओढतंय, पोरगं साखळीला हिसके देतंय, दोघंही धापा टाकतायत. बघता बघता आजोबांचा मोत्या आठवला.

कोरेगावकडे आमची वस्ती. भाकरीचा वास आला की मोत्या उड्या मारायचा. आजोबा चतकोर हातात घेऊन नुसते उभे राहायचे. त्यानं उडी मारली की हात वर, तोंडातून शब्द नाही. चारही पाय जमिनीला लागले की हात खाली यायला लागायचा. परत उडी, परत हात वर. शेवटी मोत्या बूड टेकायचा, शेपटी मात्र मातीत सपासप चालूच, आणि त्याच क्षणाला चतकोर त्याच्या तोंडात. आणि हाच मोत्या उसात डुकरं शिरली की बाण सुटावा तसा जायचा. आजोबांनी त्याच्यातली रग मारली नव्हती. ती कुठं दाखवायची आणि कुठं आवरायची, एवढंच त्याला उमगलं होतं.

माझं म्हणणं एवढंच, की हुरूप, शांतपणा आणि रीतभात ही तिन्ही एकत्र शिकवावी लागतात. आपण कुत्रं नाचलं की कौतुक करतो आणि गुमान पडून राहिलं की त्याच्याकडे बघतही नाही. मग ते नाचणारच! तुमच्याकडे काय करता?

मिरजेची मावशी
आमची चिंगी बेल वाजली की घर डोक्यावर घेते. आत्ता सिलेंडर आलाय, सविस्तर नंतर लिहिते.

जत पूर्व
कारवान जातीचं शिकारी कुत्रं हाय आमच्यात, मेंढरांसंगं असतंय. नजरंवर पळणारी जात, ससा दिसला की कान बंद. लोकं म्हणत्यात ही कुत्री शिकत न्हाईत. आवो, ह्याच्याच भावकीतली मुधोळ हाउंड लष्करानं मेरठला नेऊन तयार केली की! फकस्त मारलं की ही जात बिथरती, मग महिनाभर जवळ येत न्हाई. आमी लांब दोरी लावून हाक मारायची, आला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा, आन् परत सोडून द्यायचं. हे परत सोडणं लई महत्त्वाचं. हाक मारून दरवेळी बांधूनच घातला तर तो कशाला येईल?

गोडोलीकर
@जत पूर्व दादा, परत सोडायचं हे फार पटलं. फोटो टाका ना त्याचा.

तासगावचा
विषय थोडा बाजूचा आहे पण लिहितोच. बक्षीस म्हणून बेदाणे देऊ नका. आमच्याकडे घरोघरी डबे भरलेले असतात, पोरं हातावर ठेवून कुत्र्याला चारतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. कुठल्या कुत्र्याला कितीनं बाधेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून एकही नको. कांदा आणि चॉकलेटही नको. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, गाजर, नाहीतर भाकरीचा वाळका तुकडा चालतो. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा पुरे.

सई_कराड
बाप रे, बेदाण्याचं माहीतच नव्हतं. आईला लगेच फोन करते.

निवृत्त मास्तर, वाई
पावलोव्ह सगळ्यांनी शाळेत वाचला असेल. त्यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. कुत्र्यांची लाळ त्यातूनच पुढे आली: खाण्याआधी दरवेळी तोच आवाज ऐकला की पुढे नुसत्या आवाजानंही लाळ सुटते. घरात रोज हेच चालतं. साखळीचा खुळखुळ झाला की आमचा शेरू गोल गोल फिरायचा, कारण साखळी म्हणजे बाहेर. मग मी दिवसभरात जाता येता साखळी खुंटीवरून काढायची, हातात घेऊन पेपर वाचायचा आणि परत अडकवून ठेवायची. हळूहळू त्या आवाजातली धार गेली. आता खरंच बाहेर जाताना तो बसतो, मगच कडी लागते. उठला की मी थांबतो, रागवत नाही.

गावभाग सांगली
आमच्या ब्रुनोचं सांगते. जात गावठी, स्वभाव भित्रा. आई रोज चहाच्या वेळी एक जुनी सतरंजी अंथरायची. तो तिच्यावर आडवा झाला की पुढच्या दोन पायांमध्ये गपचूप तुकडा ठेवायचा. मोठ्यानं शाब्बास म्हणायचं नाही, म्हटलं की तो उठतो. आई नीट बघत बसायची. नुसता बसला तर काही नाही. एका कुशीवर कलला, हनुवटी टेकली, मोठा श्वास सोडला, की तुकडा.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो होतो. बोट आली, इंजिनाची घरघर, लहान मुलं रडतायत. ब्रुनो जिन्यातून हलेना. आईनं पिशवीतून तीच सतरंजी काढून बोटीत टाकली. तो चढला आणि तिच्यावर बसला. अंग थरथरत होतं, पण उतरेपर्यंत जागचा हलला नाही. बोटवाले दादा म्हणाले, वैनी, कुत्रं शहाणं हाय.

सई_कराड
काटा आला अंगावर 🙏

जत पूर्व
आईला नमस्कार सांगा आमचा.

वेण्णाकाठ
गावभाग ताईंनी थरथरीचं लिहिलं म्हणून सांगावंसं वाटतं. गप बसलेलं प्रत्येक कुत्रं शांत असतंच असं नाही. आमच्या गल्लीत एक जर्मन शेफर्ड आहे, काठी दिसली की पुतळा होतो. लोक म्हणतात काय शिस्त आहे! जवळून बघा. कान मागे, ओठ चाटतोय, झोप नसताना जांभया, नजर चुकवतोय. ती भीती आहे. असं कुत्रं एक दिवस न गुरगुरता चावतं, कारण गुरगुरल्यावरही त्यानं मारच खाल्लेला असतो. मला हे बघवत नाही. गुरगुरणं म्हणजे ते आपल्याला आधी सांगतंय, ते ऐकायला हवं.

माहुलीचा
कुत्र्यांचा विषय आणि आमच्या संगम माहुलीच्या खंड्याचं नाव नाही? थोरल्या शाहू महाराजांचा कुत्रा. शिकारीत वाघापासून महाराजांना वाचवलं असं सांगतात. समाधी आहे, सातारकरांनी बघून या.

गोडोलीकर
खंड्या कसा विसरेन! लहानपणी आजोबांनीच दाखवली होती समाधी.

तासगावचा
माहुलीला येतोच आता. येताना कंदी पेढे कुठले घ्यायचे तेही सांगा.

माहुलीचा
त्यावर वेगळा धागा काढा, इथं भांडणं होतील 😄

मिरजेची मावशी
आले. तर बेल. लेकानं बेलचा आवाज फोनवर घेतला, आधी अगदी बारीक लावायचा. आवाज झाला की चिंगीनं कोपऱ्यातल्या गोणपाटावर जायचं, तिथं खाऊ. मग आवाज वाढवत नेला. मधे एक आठवडा ती उलट जास्त भुंकायला लागली. आम्ही दाद देणं बंद केल्यावर जोर लावून बघत होती. तिथं सोडून दिलं असतं तर जोरात भुंकल्यावर मिळतं हेच ती शिकली असती. बेंदराच्या आधी ढोलाच्या आवाजाचंही असंच केलं.

सई_कराड
मावशी, आमचं पिल्लू दोन महिन्यांचं आहे, हाताला सारखं दात लावतं. नाकावर टपली मारा म्हणतात सगळे.

मिरजेची मावशी
टपली नको गं, हात म्हणजे मार असं डोक्यात बसेल. दात लागला की खेळ तिथंच थांबव, हात काढून घे, उठून जा. थोड्या वेळानं परत खेळ. चावायला ओला फडका गाठ मारून दे. आणि पिल्लाला झोप बघ, फार दमलं की जास्त चावतं. डॉक्टरांकडे नेलंस का? पार्व्होची लस आत्ताच हवी आणि रेबीजची तीन महिन्यांचं झालं की. तोवर रस्त्यावर खाली सोडू नको, पण कडेवर घेऊन फिरव. एसटी, रिक्षा, टोपीवाले आजोबा, छत्री, सगळं आत्ताच दाखव.

सई_कराड
शनिवारी नेते. ओला फडका आत्ताच दिला, खेचत बसलंय.