किल्ल्याचं मॉडेल कॅमेऱ्यात खेळण्यासारखं दिसतंय, काय चुकतंय?

बुरुजवाला (सातारा)

नमस्कार मंडळी. आम्ही पाच मित्र वीस मिनिटांची फँटसी शॉर्टफिल्म करतोय. गोष्टीत एक शापित किल्ला आहे आणि शेवटी त्याची पुढची भिंत ढासळते. व्हीएफएक्सला पैसे नाहीत. असते तरी मला हे हातानेच करायचं होतं. दर दिवाळीला अंगणात किल्ला करत मोठा झालोय.

मॉडेल म्हणजे महादरवाजा आणि दोन बुरुज. लांबी पाच फूट, भिंत ४० सेंमी उंच, दरवाजा २० सेंमी. आत थर्मोकोल, वर पुट्टी. पहिल्या बुरुजावर स्प्रे पेंट मारला तर थर्मोकोल विरघळून खड्डे पडले. मग पांढऱ्या फेव्हिकॉलचा हात देऊन पाण्यातले रंग लावले. तटाखाली गवतासाठी अळीव पेरलंय, छान उगवलंय.

समोर उभं राहून बघितलं की मन भरतं. मोबाईलवर शूट केलं की शोकेसमधलं खेळणं! भिंतीचा एक तुकडा पाडून बघितला, तो पुठ्ठ्याचा खोका पडावा तसा पडला. फिनिशिंग कमी पडतंय का? अजून बारीक काम करू?

आणखी एक. नायकाच्या हातात भाड्याने आणलेली फायबरची गदा आहे, तिला वजनच वाटत नाही.

साचेकार (पेण)

फिनिशिंगला आता हात लावू नका. तुमचा दोष हातात नाही, कॅमेरा ठेवलाय तिथे आहे.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात साचे भरत वाढलो, नंतर २२ वर्षं गोरेगावला सेटवर मोल्डिंग केलं. पौराणिक मालिकांचे किती महाल आणि लंका ओतल्या त्याचा हिशोब नाही. त्या अनुभवावर सांगतो.

खरा दरवाजा पाच मीटरचा धरा. तुमचा २० सेंमीचा, म्हणजे मॉडेल १:२५. आता त्या किल्ल्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून किती वर येतील? साडेसहा सेंटिमीटर. मॉडेल जमिनीवर ठेवून तुम्ही उभ्याने शूट केलं असेल, तर किल्ल्याच्या हिशोबात कॅमेरा ४० मीटर उंचीवर होता. तिथून काहीही खेळणंच दिसणार. मोबाईल उलटा धरा, लेन्स खालच्या बाजूला येईल, आणि तो जमिनीला टेकवून दरवाजाकडे वर बघा. एवढं एकच करा आणि फरक बघा.

भिंतीचं गणित वेगळं. खऱ्या दहा मीटरच्या तटावरून दगड खाली यायला साधारण १.४ सेकंद लागतात. तुमच्या ४० सेंमीवरून तो ०.३ सेकंदाच्या आत खाली येतो, म्हणून खोका पडल्यासारखं वाटतं. प्रमाणाचं वर्गमूळ काढायचं. २५ चं वर्गमूळ ५, म्हणून पाचपट फ्रेम. सेकंदाला २४ ऐवजी १२० फ्रेम, म्हणजे चित्रं, घेत शूट करा आणि सेकंदाला २४ नेच चालवा. दगड बरोबर दहा मीटरवरून पडतील. किल्ला नुसता उभा आहे अशा शॉटला याची गरज नाही. धूळ, धूर, पडझड असेल तिथेच.

१२० ला उजेड भरपूर लागतो, आणि घरातले बरेच दिवे त्या वेगाला लुकलुकतात. मॉडेल गच्चीवर न्या, सकाळच्या उन्हात. मागे खरं आभाळ मिळेल आणि सावल्या खऱ्या पडतील.

आता थर्मोकोल. पडणारी भिंत थर्मोकोलची नकोच, त्याला वजन नाही, तो उसळतो. ती प्लास्टर ऑफ पॅरिसची ओता, प्लास्टरमध्ये लाकडाचा भुसा भरपूर घाला म्हणजे कमजोर होईल. ओली असतानाच दगडांच्या रेघांवर सुरी फिरवून जवळजवळ आरपार कापून ठेवा. हे मी पोळून शिकलोय. एका देवळाचं शिखर आम्ही चौदा दिवस खपून केलं होतं आणि मी प्लास्टर नेहमीचं, घट्ट वापरलं. ओढल्यावर शिखर अख्खंच्या अख्खं आडवं झालं, एक चिरा सुटला नाही. दुसरं शिखर नव्हतं. सगळं युनिट गप्प उभं होतं, ते अजून डोळ्यांसमोर येतं.

धुळीसाठी दगडांच्या मागे शंखजिरं भरा. मैदा अजिबात नको, हवेत उडालेलं पीठ ठिणगीने पेट घेतं. आणि थर्मोकोल जाळण्याचा विचार असेल तर सोडा. धूर विषारी असतो, शिवाय ज्योत लहान होत नाही, किल्ल्याला आग लागली असं न वाटता मेणबत्ती लावली असं वाटतं.

अळीव मात्र काढा. तुमच्या मापात त्याचं एकेक पान ताटाएवढं होतं. रंगवलेला भुसा नाहीतर वाळलेलं शेवाळ पसरा.

चिलखत (पुणे)

गदेबद्दल. एकाच गदेवर भागवू नका. जवळच्या शॉटला एक जड, डोक्यात वाळू भरलेली. ती उचलताना नटाचा खांदा आपोआप झुकतो, तो अभिनयाने झुकवता येत नाही. मारामारीला दुसरी, इवा फोमची, म्हणजे हलक्या रबरासारख्या फोमची. नटाला जड गदेने आधी दोन दिवस सराव करू द्या, मग फोमची हातात आली तरी अंग विसरत नाही.

मोठ्या कामातही असंच चालतं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने साखळीचिलखतं केली, ती प्लॅस्टिकच्या पाइपचे काप हाताने एकात एक गुंफून आणि वर धातूचा मुलामा देऊन. नट दिवसभर घालून पळू शकले. त्यांचं मिनास तिरिथ शहर १:७२ प्रमाणात होतं, तरी मॉडेल माणसाच्या कितीतरी वर जायचं. हेल्म्स डीपचा किल्ला १:३५. मॉडेलं एवढी प्रचंड की त्यांनी त्यांना ‘बिग’ आणि ‘मिनिएचर’ जोडून ‘बिगेचर’ असं नावच पाडलं. तुमचं १:२५ त्या मानाने चांगलं मोठं प्रमाण आहे, खचू नका.

रंकाळा (कोल्हापूर)

भिंत धक्का देऊन पाडू नका, धक्का देणारा हात कळतो. खालचा एक दगड सुटा ठेवा आणि मागून मासेमारीच्या दोऱ्याने ओढा. १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त बाबूभाई मिस्त्रींनी अदृश्य माणसाचे खेळ काळ्या दोऱ्यावर दाखवले, आणि लोक त्यांना ‘काला धागा’ म्हणायला लागले. आमच्या गावच्या बाबूराव पेंटरांनी तर कॅमेरासुद्धा स्वतः तयार केला होता. त्यांच्या १९२० च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला की तो भाग कापायला लावला. ही माणसं रंग आणि माती हाताळून सिनेमात आलेली. तुम्हीही त्याच वाटेवर आहात, म्हणून लिहावंसं वाटलं.

बुरुजवाला (सातारा)

काका, आज सकाळी मोबाईल उलटा टेकवून बघितला. दरवाजा अंगावर आला! मित्राला नुसता फोटो पाठवला तर त्याने विचारलं, हा कुठला किल्ला. अळीव उपटलं. प्लास्टर आणि भुसा आणलाय, उद्या भिंत ओततो. रविवारी पाडायची. भुसा किती घालू?

साचेकार (पेण)

तुमचं प्लास्टर मी हाताळलेलं नाही, आकडा कसा सांगू? तीन वेगवेगळ्या प्रमाणांत तळहाताएवढ्या वड्या ओता, पूर्ण वाळू द्या आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकून बघा. जी चार-पाच तुकडे होऊन फुटेल ती तुमची. पीठ होईल ती नको. साचा जपून सोडवा आणि भिंती तीन ओता. एक आधी पाडून बघायला, एक शूटिंगला, एक राखीव. रविवारी ढग आले तर थांबा, ऊन येऊ द्या.